रिलोकेशन सेवेची पारख: परदेशातल्या नोकरीच्या ऑफरवर सही करण्याआधी

ऑफर लेटरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक ओळ असते: 'स्थलांतरासाठी कंपनीतर्फे सहाय्य दिले जाईल.' पगाराचा आकडा दहा वेळा वाचला जातो, ही ओळ एकदाच. पण परदेशातले पहिले सहा महिने सुरळीत जातील की कर्ज काढून, हे बऱ्याचदा याच ओळीवर ठरतं. तिच्यामागे तीन पूर्णपणे वेगळ्या सेवा असू शकतात. त्यातली कोणती आपल्या वाट्याला आली आहे हे सहीच्या आधी विचारलं, तरच बदलून घेता येतं. सही झाल्यावर एचआरचा सूर बदलतो आणि 'धोरणात बसत नाही' हे उत्तर मिळतं.

पहिला प्रकार म्हणजे पूर्ण व्यवस्था. कंपनी एका रिलोकेशन एजन्सीला काम देते, तुमच्या नावाने एक समन्वयक नेमला जातो आणि व्हिसा, सामान, तात्पुरतं घर, घरशोध, नोंदणी ही कामं एजन्सी बघते. बिलं थेट कंपनीकडे जातात. दुसरा प्रकार बिलं दाखवून पैसे परत घेण्याचा: खर्च आधी तुम्ही करायचा, ठरलेल्या मर्यादेपर्यंत परतावा मिळतो. तिसरा म्हणजे एकरकमी भत्ता: ही घ्या रक्कम, बाकी तुमचं तुम्ही बघा.

निवाडा आधीच सांगून टाकतो. एकटा माणूस, दोन-तीन बॅगा, पाळीव प्राणी नाही, व्हिसाचं काम कंपनीचा वकील वेगळं बघतोय, असं असेल तर एकरकमी भत्ता उत्तम. मुलंबाळं असतील किंवा घरातलं सामान न्यायचं असेल तर पूर्ण व्यवस्थेसाठी आग्रह धरावा, त्यासाठी भत्त्याचा आकडा थोडा कमी झाला तरी चालेल. परताव्याचा प्रकार मात्र शिल्लक कमी असलेल्या माणसाने शक्यतो टाळावा. कागदावर तो उदार दिसतो, पण बिल दिल्यापासून पैसे हातात येईपर्यंत एक ते दोन पगार उलटू शकतात. नेमक्या त्याच काळात घराचं डिपॉझिट भरायचं असतं.

भत्त्याचा आकडा आणि हातात पडणारी रक्कम

एकरकमी भत्ता बहुतेक देशांत पगारासारखाच करपात्र असतो. अमेरिकेत २०१८ पासून कंपनीने दिलेला स्थलांतर खर्च, मोजके सरकारी अपवाद सोडले तर, उत्पन्नात धरला जातो. ब्रिटनमध्ये नियमात बसणाऱ्या खर्चापैकी पहिले ८,००० पौंड करमुक्त आहेत, त्यावरची रक्कम करपात्र. म्हणून ऑफरमध्ये आकडा दिसला की पहिला प्रश्न एकच: ही रक्कम कर कापण्याआधीची की नंतरची? करानंतर पूर्ण रक्कम हातात पडेल अशी तजवीज करण्याला एचआरच्या भाषेत 'ग्रॉस-अप' म्हणतात.

इथे हिशोबाची एक चूक सारखी दिसते. हातात १०० हवेत आणि कराचा दर ३० टक्के आहे, तर अनेक जण १०० वर ३० चढवून १३० मंजूर करतात. पण कर १३० वर लागतो, म्हणजे ३९ जातात आणि उरतात ९१. खरा हिशोब १०० भागिले ०.७०, म्हणजे जवळजवळ १४३. प्रस्तावात ग्रॉस-अप लिहिलेलं असेल तर सूत्र कोणतं वापरलं ते विचारा. शिवाय हा भत्ता पगारात मिळून वरच्या करटप्प्यात जात असेल तर दरही त्या वरच्या टप्प्याचा धरायला हवा, सरासरी दर नव्हे.

रकमेइतकीच वेळही महत्त्वाची. भत्ता 'पहिल्या पगारासोबत' असेल तर तो रुजू झाल्यावर महिन्याभराने हातात येतो. विमानाचं तिकीट, कागदपत्रांचा खर्च, सामानाची आगाऊ रक्कम आणि घराचं डिपॉझिट हे सगळं त्याआधीचं. भाड्याच्या घरासाठी तीन महिन्यांचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं आणि पगार होईपर्यंतचा घरखर्च धरला तर साधारण पाच महिन्यांच्या भाड्याइतकी रोकड आधीच हाताशी लागते. एवढी शिल्लक नसेल तर भत्त्याचा निम्मा भाग करार झाल्यावर लगेच मागावा, किंवा डिपॉझिटपुरतं बिनव्याजी कर्ज मागावं. दुसरी मागणी कंपन्या सहज मान्य करतात, कारण डिपॉझिट परत येणारं असतं आणि त्यांच्या दृष्टीने तो खर्च नसतो. मागावी मात्र लागते.

परतफेडीचं कलम

सेवा कितीही चांगली असो, हे कलम वाचल्याशिवाय ती स्वीकारू नये. ठरावीक मुदतीत, बहुधा १२ किंवा २४ महिन्यांत, नोकरी सोडली तर स्थलांतराचा खर्च परत करावा लागेल असं त्यात लिहिलेलं असतं. कलम असण्यात गैर काही नाही. बघायचं ते त्यातल्या चार गोष्टींकडे.

पहिली, रक्कम दर महिन्याला घटते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते. २४ महिन्यांची मुदत असेल आणि रक्कम महिनागणिक घटत असेल तर १८ महिन्यांनी सोडताना २५ टक्के द्यावे लागतात. घटत नसेल तर तेविसाव्या महिन्यातही शंभर टक्के. दुसरी, कंपनीनेच काढून टाकलं, पद रद्द झालं किंवा प्रोबेशननंतर कायम केलं नाही, तर काय? परतफेड फक्त स्वतःहून राजीनामा दिल्यास किंवा गंभीर गैरवर्तनामुळे काढल्यास लागू होईल, हे शब्द करारात यायला हवेत. तिसरी, खर्चात काय काय धरलं आहे: व्हिसाची फी, वकिलाची फी, एजन्सीचं स्वतःचं शुल्क? एजन्सीचं शुल्क तुम्हाला कधी दिसतच नाही, म्हणून कमाल रक्कम आकड्यात लिहून घ्यावी. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त नजरेतून सुटते: परतफेड करासकट की कराशिवाय? ग्रॉस-अप करून दिलेले १४३ परत मागितले, तर हातात कधीच न आलेले ४३ सुद्धा खिशातून जातात. भरलेला कर सरकारकडून परत मिळवणं शक्य असलं तरी वर्ष उलटल्यावर ते काम किचकट होतं.

व्हिसाची सेवा: वकील कोणाचा?

पूर्ण व्यवस्थेत वर्क परमिट आणि व्हिसासाठी वकील किंवा सल्लागार मिळतो. दर्जा बहुधा चांगला असतो, कारण अर्ज फेटाळला गेला तर नुकसान कंपनीचंही होतं. पण हा वकील सहसा कंपनीने नेमलेला असतो. 'पुढे नोकरी बदलायची असेल तर कोणता परवाना सोयीचा?' असा प्रश्न त्याला विचारून निःपक्ष उत्तराची अपेक्षा धरणं बरोबर नाही. एकाच देशात दोन प्रकारचे परवाने मिळू शकत असतील, एक कंपनीशी बांधलेला आणि दुसरा थोडा मोकळा, तर स्वतःच्या खर्चाने तासभर स्वतंत्र सल्ला घ्यावा. एवढ्या मोठ्या निर्णयात तो खर्च क्षुल्लक आहे.

कुटुंबाच्या बाबतीत 'कुटुंबाचा व्हिसा समाविष्ट' या शब्दांवर थांबू नका. जोडीदाराला तिथे राहता येईल की कामही करता येईल, आणि कामाची मुभा पहिल्या दिवसापासून की वेगळा अर्ज करून, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. दोन पगारांचं घर एका पगारावर येणार असेल तर ऑफरचा आकडाच नव्याने मांडावा लागतो. लग्न न केलेल्या जोडीदारासाठी सोबत राहत असल्याचे पुरावे लागू शकतात: संयुक्त भाडेकरार, एकाच पत्त्यावरची बिलं. ते जमवायला महिने जातात.

राजीनाम्याची वेळ हा सगळ्यात नाजूक मुद्दा. बहुतेक करार 'कामाचा परवाना मिळाल्यास' या अटीवर असतात. परवाना अडकला तर नवी नोकरी नाही आणि जुनी तुम्हीच सोडलेली. क्रम असा ठेवावा: सही केलेला करार, परवान्याची मंजुरी हातात, मग राजीनामा. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असेल तर हे रुजू होण्याच्या तारखेत आधीच मोजून ठेवावं. घाई करणाऱ्या एजन्सीला 'आमच्याकडून अर्ज नाकारला जात नाही' असं म्हणायची सवय असते. ते लेखी द्यायला कोणी तयार होत नाही, हे पुरेसं बोलकं आहे.

कागदपत्रं: एजन्सीची खरी परीक्षा

पदवी, जन्मदाखला, विवाहनोंदणी, पोलीस चारित्र्य प्रमाणपत्र ही कागदपत्रं दुसऱ्या देशात ग्राह्य धरली जावीत म्हणून त्यांच्यावर शिक्कामोर्तब लागतं. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारात सामील असलेल्या देशांमध्ये त्यासाठी एकच प्रमाणपत्र पुरतं, अपोस्टील. दोन्हींपैकी एक देश करारात नसेल तर मात्र लांबचा मार्ग: आधी स्थानिक अधिकारी, मग परराष्ट्र खातं, मग त्या देशाचा दूतावास.

एजन्सीला कामाची माहिती आहे की ती जुनी यादी पुढे सरकवते आहे, हे ओळखायला एक सोपा प्रश्न आहे: चीन किंवा कॅनडाच्या कागदांना कोणतं शिक्कामोर्तब लागतं? चीनमध्ये हा करार ७ नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून लागू आहे (भारताच्या आक्षेपामुळे भारत आणि चीन यांच्यात मात्र तो लागू झाला नाही). हा अपवाद सोडून या देशांच्या कागदांसाठी अजूनही दूतावासाचा शिक्का सांगणारी एजन्सी तुमचे आठवडे आणि पैसे दोन्ही वाया घालवते.

अपोस्टील म्हणजे कागदातला मजकूर खरा असल्याची ग्वाही, असा समज सर्रास आढळतो. तसं नाही. ते फक्त त्यावरची सही, शिक्का आणि सही करणाऱ्याचा अधिकार खरा असल्याचं सांगतं. म्हणूनच पदवीची पडताळणी किंवा समकक्षता (ती तिथल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची, हे ठरवणं) ही वेगळी पायरी राहते. जर्मनीला जाणाऱ्यांनी 'अनाबिन' या सरकारी माहितीकोशात आपली शिक्षणसंस्था आणि आपली पदवी, दोन्ही तपासावीत. संस्थेला 'एच प्लस' (मान्यताप्राप्त) दर्जा आहे पण पदवीची नोंदच नाही, असं झालं की समकक्षतेचं वेगळं प्रमाणपत्र काढावं लागतं. नर्स, डॉक्टर, शिक्षक अशा नियमन असलेल्या व्यवसायांत तर परवाना देणारी संस्था आणखी वेगळी असते, आणि रिलोकेशन सेवेत ते काम जवळजवळ कधीच धरलेलं नसतं. ब्रोशरमधल्या 'कागदपत्र सहाय्य' या दोन शब्दांत हे येत नाही, हे लक्षात ठेवावं.

काम कुठे अडतं? बहुतेक वेळा फार साध्या ठिकाणी. पदवी लॅमिनेट केलेली असते, तिच्यावर शिक्का उमटत नाही, म्हणून परत येते. लॅमिनेशन काढताना कागद फाटण्यापेक्षा दुसरी प्रत मागवणं बरं. पासपोर्टवर एक नाव, पदवीवर आद्याक्षरं, विवाहनोंदणीवर तिसरंच आडनाव: अशा वेळी 'ही एकच व्यक्ती' असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं. भाषांतर अपोस्टीलच्या आधी करून घेतलं तर अपोस्टीलचा मजकूर भाषांतराविना राहतो, म्हणून क्रम आधी अपोस्टील, मग भाषांतर. त्यातही अनेक कार्यालयं स्वतःच्याच देशातल्या शपथबद्ध भाषांतरकाराचं काम मान्य करतात, त्यामुळे निघण्याआधी भाषांतरावर खर्च करण्यापूर्वी विचारून घ्यावं. पोलीस प्रमाणपत्र उत्साहात सगळ्यात आधी काढलं जातं, आणि त्याची मान्यता मात्र बहुधा तीन ते सहा महिन्यांचीच असते. ते सगळ्यात शेवटी काढायचं. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने असावी, हा अनेक देशांचा नियम. पण कामाच्या परवान्याची मुदत पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच कापली जाऊ शकते, तेव्हा दोन वर्षांहून कमी मुदत उरली असेल तर आधी नवा पासपोर्ट काढावा आणि मगच अर्ज भरावा.

करसल्ल्याचा एक तास

पूर्ण व्यवस्थेत सहसा निघण्याआधी एक आणि पोहोचल्यावर एक अशा दोन करविषयक बैठका असतात. ब्रोशरमध्ये यांना सगळ्यात लहान अक्षरं मिळतात. आमच्या मते अख्ख्या पॅकेजमधली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि पॅकेजमध्ये नसेल तर विमानतळावरची गाडी नको म्हणून ही मागून घ्यावी.

कारण गैरसमज महागात पडतात. '१८३ दिवसांपर्यंत कर नाही' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दुहेरी कर टाळण्याच्या करारांमध्ये ही सवलत येते खरी, पण तिला तीन अटी एकत्र लागतात: मुक्काम १८३ दिवसांपेक्षा जास्त नसावा, पगार देणारा मालक त्या देशाचा रहिवासी नसावा, आणि पगाराचा भार त्या देशातल्या शाखेवर पडलेला नसावा. तिथल्याच कंपनीशी करार करून नोकरीला जाणाऱ्याची दुसरी अट पहिल्याच दिवशी मोडते. त्याचा पगार पहिल्या दिवसापासून तिथे करपात्र.

बैठकीआधी प्रश्न लिहून न्यावेत. रुजू होण्याची तारीख दोन आठवडे मागेपुढे केली तर कोणत्या वर्षी कुठे करनिवासी (करापुरते त्या देशाचे रहिवासी) ठरणार? दोन्ही देशांनी निवासी मानलं तर निर्णय कशावर? करारांमध्ये सहसा कायमचं घर, मग वैयक्तिक आणि आर्थिक संबंधांचं केंद्र, मग नेहमीचा मुक्काम, मग नागरिकत्व असा क्रम असतो, त्यामुळे मागे ठेवलेलं घर भाड्याने दिलं की रिकामं ठेवलं याने निकाल बदलू शकतो. जुन्या कंपनीचा बोनस किंवा शेअर निघाल्यानंतर हातात आले तर कर कुठे? मागे सोडलेल्या बँक खात्यांना निवासाचा बदल कधी कळवायचा?

काही सवलती मुदतीत अर्ज केला तरच पूर्ण मिळतात. नेदरलँड्समध्ये परदेशातून भरती झालेल्या तज्ज्ञ कर्मचाऱ्यांना पगाराचा काही भाग करमुक्त मिळू शकतो. त्यासाठी नोकरीचा करार होताना माणूस देशाबाहेर राहत असला पाहिजे, आणि रुजू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत अर्ज केला तरच सवलत पहिल्या दिवसापासून धरली जाते. आधी पर्यटक म्हणून जाऊन तिथे स्थिरावलेला आणि मग करारावर सही करणारा माणूस ही सवलत गमावून बसतो. असं एक वाक्य वेळेवर कळलं तर बैठकीचा खर्च कित्येक पटींनी वसूल होतो.

घर

तात्पुरतं घर बहुधा ३० दिवसांसाठी मिळतं. मोठ्या शहरांत तेवढ्यात कायमचं घर मिळणं अवघड, ४५ किंवा ६० दिवस मागावेत. पण दिवसांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न: या पत्त्यावर सरकारी नोंदणी होते का? जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाची लेखी पुष्टी लागते. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून जास्त राहणाऱ्याने पाच दिवसांत नोंदणी करायची असते. काही सर्व्हिस अपार्टमेंट ही पुष्टी देत नाहीत. मग नोंदणी नाही म्हणून करक्रमांक लांबतो, बँक खातं अडतं, पगार जमा होत नाही, आणि खातं नाही म्हणून घरमालक भाडेकरार करत नाही. या चक्रात सापडलेला माणूस एजन्सीच्या फोनवर ताटकळत बसतो. एजन्सीकडून तात्पुरत्या घराचा पत्ता आणि 'नोंदणी शक्य' असं लेखी उत्तर, दोन्ही तिकीट काढण्याआधी घ्यावं.

घरशोधाची सेवा दिवसांत मोजली जाते. एक दिवस म्हणजे आठेक तास आणि पाच-सात घरं, तेही भागांची माहिती आधी नीट दिली असेल तर. सल्लागार सोबत येणार की आधी स्वतः बघून व्हिडिओ पाठवणार, भाडेकराराचं वाचन करणार का, आणि मिळालेलं घर हातचं गेलं तर शोध पुन्हा सुरू होणार की सेवा संपली असं धरणार, हे विचारावं. भाडेकरार वाचून देणारा सल्लागार मिळाला तर बाकीच्या उणिवा माफ. घराचा ताबा घेताना मीटरचे आकडे, भिंतींवरचे डाग, भांड्यांची मोजदाद यांची यादी करून फोटो काढणारा सल्लागार तर डिपॉझिटच वाचवतो.

सामान

इथे एजन्सी स्वतः काम करत नाही, पॅकर कंपनीला देते. दर्जा त्या पॅकरवर अवलंबून, म्हणून घरी येऊन किंवा व्हिडिओवर पाहणी केल्याशिवाय दिलेला अंदाज मान्य करू नये. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते, ४० फुटीमध्ये ६७ च्या आसपास. प्रत्यक्षात मधल्या फटी धरून त्याहून कमीच भरतं. बरीच कुटुंबं यातलं काहीच भरत नाहीत, त्यांचं सामान इतरांच्या सामानासोबत सामायिक कंटेनरमध्ये जातं आणि शुल्क घनमीटरवर लागतं. अशा सामानाला किमान शुल्क असतं, ते विचारून घ्यावं.

काय समुद्राने आणि काय विमानाने, हे वजनापेक्षा घनतेवर ठरवावं. हवाई मालवाहतुकीत लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागतात, कुरियरमध्ये बहुधा ५,००० ने. येणारा आकडा आणि खरं वजन यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे. ८० × ६० × ४० सेंटीमीटरच्या पोत्यातली चार किलोची रजई विमानाने ३२ किलोची ठरते. उलट ४० × ३० × ३० च्या खोक्यात पुस्तकं भरली तर आकारमानाने ती सहा किलोची, पण खरं वजन वीस किलोच्या वर, आणि पैसे त्या वीस किलोंचे. समुद्रमार्गे मात्र घनमीटर आणि टन यांची तुलना होते, त्यामुळे पुस्तकांचं तेच खोकं फक्त ०.०३६ घनमीटर मोजलं जातं. म्हणून पुस्तकं आणि भांडी समुद्राने, हवा काढलेल्या पिशव्यांतले कपडे विमानाने किंवा बॅगेत.

कोटेशनमध्ये 'दारापासून दारापर्यंत' लिहिलं आहे की 'दारापासून बंदरापर्यंत', हे सगळ्यात आधी बघावं. दुसऱ्या प्रकारात स्वस्त दिसणाऱ्या दरात बंदरावरची हाताळणी, कस्टम्सचं काम आणि शेवटची वाहतूक नसते. सामान पोहोचल्यावर कागद कमी पडले तर साठवणुकीचा दंड रोज वाढत जातो. लाकडी पेट्या असतील तर त्यांच्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का हवा, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवलेलं किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने प्रक्रिया केलेलं. शिक्का नसेल तर बंदरावर पेटी रोखली जाते.

विमा घेतानाही दोन गोष्टी निसटतात. स्वतः भरलेल्या खोक्यांतली मोडतोड विमा कंपन्या सहसा मान्य करत नाहीत, कारण आत काय आणि कसं भरलं होतं याचा साक्षीदार नसतो. काचसामान पॅकरकडूनच भरून घ्यावं. आणि सामानाच्या यादीत 'स्वयंपाकघर, संकीर्ण' असं लिहिलेलं असेल तर तुटलेल्या वस्तूची भरपाई मागायला आधारच राहत नाही.

युरोपीय संघात वास्तव्य हलवताना वापरातलं घरसामान आयात करमुक्त येतं, पण नियम काटेकोर आहेत: निघण्याआधी किमान १२ महिने संघाबाहेर वास्तव्य, वस्तू किमान सहा महिने स्वतःच्या वापरात, पोहोचल्यापासून १२ महिन्यांत आयात, आणि नंतर १२ महिने विक्री किंवा भाड्याने देणं नाही. जाण्याआधी उत्साहाने नवा टीव्ही किंवा लॅपटॉप घेणाऱ्यांना ही सहा महिन्यांची अट नडते. विजेच्या वस्तू नेण्याआधी मागचा पट्टा वाचावा. १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त पिनचा अडॅप्टर लागेल. एकच आकडा असेल आणि तिथला दाब वेगळा असेल, तर मिक्सर किंवा इस्त्री मागेच ठेवावी.

पाळीव प्राणी

कुत्रा किंवा मांजर सोबत असेल तर एजन्सीला पहिल्याच फोनवर सांगा. इथे पैशाने वेळ विकत घेता येत नाही. युरोपीय संघात, मान्यताप्राप्त यादीबाहेरच्या देशातून येताना क्रम असा: आधी १५ अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची चाचणी, त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण किमान ०.५ आययू प्रति मिलिलिटर, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. म्हणजे चार महिने नुसते प्रतीक्षेचे. जपानसाठी रक्त घेतल्यापासून १८० दिवस. लस आधी आणि चिप नंतर झाली असेल तर ती लस मोजली जात नाही, सगळं पहिल्यापासून. रुजू होण्याची तारीख सहा आठवड्यांवर असताना 'होईल सगळं' म्हणणारी एजन्सी प्राण्यांच्या बाबतीत अननुभवी समजावी.

ज्यावर वेळ घालवू नये

विमानतळावरून नेणं, शहराची सैर, स्वागताची पिशवी, दोन तासांचं सांस्कृतिक प्रशिक्षण: छान आहे, पण यांच्यासाठी पॅकेज निवडू नये. भाषेचे वर्ग मात्र घ्यावेत, जोडीदारासाठी आधी. शाळाशोधाच्या सेवेत यादी मिळते, प्रवेश नाही आणि फी तर नाहीच. फी कोण भरणार हे ऑफरमध्येच ठरवायचं.

ड्रायव्हिंगचा आंतरराष्ट्रीय परवाना एजन्सीच्या यादीत नसतो. तो मूळ परवाना देणाऱ्या देशातच काढायचा असतो, म्हणून निघण्याआधी. १९४९ च्या करारानुसारचा एक वर्ष चालतो, १९६८ च्या करारानुसारचा कमाल तीन वर्षांपर्यंत. तिथे वास्तव्य सुरू झाल्यावर मात्र बऱ्याच देशांत ठरावीक महिन्यांत स्थानिक परवाना घ्यावा लागतो.

आरोग्यविम्याची फट एजन्सी बुजवत नाही. तिथला विमा नोंदणी किंवा रुजू होण्याच्या दिवशी सुरू होतो, जुना शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. मधल्या आठवड्यांसाठी वेगळी पॉलिसी घ्यावी, आणि ती स्थलांतरितांना लागू आहे का ते बघावं, कारण परतीचं तिकीट नसलेल्या माणसाला काही प्रवासविमे नाकारतात. रोजच्या औषधांची चिठ्ठी ब्रँडच्या नव्हे, मूळ औषधाच्या नावाने लिहून घ्यावी. सर्दीच्या साध्या गोळ्याही सगळीकडे चालत नाहीत: १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत.

जी सेवा घेऊच नये

नोकरी, परवाना आणि स्थलांतर एकत्र विकणारी आणि त्यासाठी उमेदवाराकडून पैसे मागणारी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार खासगी भरती संस्थांनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये असंच सांगतो, मोजके अपवाद वगळता. 'व्हिसाची हमी', 'जागा राखून ठेवण्यासाठी अनामत', 'पासपोर्ट आमच्याकडे राहील' यातलं एक वाक्य ऐकू आलं तरी थांबावं. ऑफर खरी आहे का हे तपासताना पत्रातल्या फोनवर फोन करू नका. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून मुख्य कार्यालयाचा क्रमांक शोधून एचआरचा माणूस आणि पद दोन्ही विचारा. परवान्याचा अर्ज क्रमांक मिळाला की तो सरकारी पोर्टलवर स्वतः तपासा.

परतीचं काय?

एवढं सगळं जाण्यासाठी, आणि परतण्याबद्दल बहुतेक पॅकेजमध्ये अवाक्षर नाही. कंपनीने करार संपवला तर परतीचं तिकीट आणि सामानाचा खर्च कोणाचा, हे करारात एका वाक्यात लिहून घेता येतं आणि ऑफरच्या टप्प्यावर कोणी नाही म्हणत नाही. घराच्या भाडेकरारातही तशीच सोय हवी. सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये 'डिप्लोमॅटिक क्लॉज' या नावाने ती प्रचलित आहे: नोकरी गेली किंवा बदली झाली तर ठरावीक काळानंतर, बहुधा १२ महिन्यांनंतर, दोन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडता येतं. घरशोधाच्या सल्लागाराला हे कलम घालायला सांगावं. घरमालक आडमुठा निघाला तर निदान दुसरा भाडेकरू आणून देण्याची मुभा लिहून घ्यावी, आणि त्या पानावर दोघांच्या सह्या झाल्यावरच डिपॉझिट वळतं करावं.